ध्रुवप्रदेशातील हिरवळ

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



ज्या गावात वैशाखातल्या दुपारी पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, त्या भिलाईतील शाळेच्या हीरक महोत्सवात टुंड्रा प्रदेशातील वनस्पतींवर व्याख्यान ठेवलेले पाहून निमंत्रणपत्रिका वाचणाऱ्या अनेकांना नवल वाटले असेल. वास्तविक टुंड्राची आणि या सभागृहातील प्रत्येकाची ओळख जुनी आहे. ती भूगोलाच्या तासाला झाली. ‘टुंड्रा प्रदेशात वृक्ष का वाढत नाहीत? भौगोलिक कारणे द्या’ हा दोन गुणांचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आणि त्याचे उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिले : अत्यंत कमी तापमान, गोठलेली जमीन आणि अल्पकाळाचा उन्हाळा यांमुळे टुंड्रात वृक्ष वाढत नाहीत, तेथे केवळ शेवाळ, दगडफूल व खुरटी झुडपे आढळतात. साठ वर्षांत या उत्तरातील एक अक्षर बदलावे लागले नाही. पुढच्या साठ वर्षांत ते कितपत टिकेल, याविषयी मात्र आता शंका घेण्यास जागा आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच.

‘टुंड्रा’ हा शब्द मूळचा उत्तर युरोपातील सामी लोकांच्या बोलीतला. तो रशियन भाषेत आला आणि तेथून जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेला. भिलाईला रशियन भाषा परकी वाटू नये. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या काळात जे सोव्हिएत तंत्रज्ञ या मातीत येऊन राहिले, त्यांच्या देशाची उत्तरेकडची बहुतेक किनारपट्टी टुंड्राचीच होती. मैत्री बाग त्या दिवसांची आठवण सांगत आजही उभी आहे.

वर्षातील सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमानही जेथे दहा अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचत नाही, अशा वृक्षहीन प्रदेशाला सामान्यतः टुंड्रा म्हणतात. भिलाईच्या थंडीत ज्या पहाटे शेकोट्या पेटतात, तशी पहाट म्हणजे तेथला भर उन्हाळा. हा उन्हाळा सहा ते दहा आठवड्यांचा. तेवढ्या अवधीत जमिनीचा वरचा थर वितळतो, कुठे वीतभर, कुठे हात-दीड हात. त्याखालची माती बारमाही गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी खाली मुरू शकत नाही, म्हणून पाऊस-हिमवर्षाव थोडा असूनही जमीन दलदलीची राहते. मुळांना खोल जाता येत नाही. आणि थंडीमुळे पालापाचोळा कुजण्याची क्रिया इतकी मंद असते, की मातीत नत्राचा साठा असूनही तो वनस्पतीच्या उपयोगी पडत नाही. कोठार भरलेले आहे, पण त्याला कुलूप आहे, अशी ही अवस्था. हे कुलूप पुढे पुन्हा भेटेल.

अशा जागी जे जगते त्याची रचना पाहण्यासारखी असते. महाराष्ट्रात ओढ्या-नद्यांच्या काठी वाळुंज नावाचा वृक्ष उभा असतो. त्याच प्रजातीतला ध्रुवीय वाळुंज दोन बोटांपेक्षा उंच होत नाही. त्याचे खोड जमिनीत आडवे सरकते आणि वर केवळ पाने व तुरे दिसतात. चुकून पाय पडला तरी आपण एका वृक्षाच्या सोयऱ्यावर उभे आहोत हे कळू नये! ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्याचा टुंड्रातला भाऊ गुडघ्याच्या आसपास थांबतो. पाषाणभेदाच्या कुळातील एक जांभळ्या फुलांची वनस्पती बर्फ ओसरताच फुलते, कारण तिने कळ्या आदल्या वर्षीच तयार करून ठेवलेल्या असतात. खसखशीच्या जातकुळीतील ध्रुवीय फूल वाटीसारखे उमलून सूर्यामागे तोंड फिरवीत राहते. त्या वाटीत ऊन गोळा होते आणि ऊब घेण्यासाठी आलेले कीटक परागही वाहून नेतात. काही वनस्पती उशीसारख्या गोल, दाट गादीत वाढतात. वाऱ्याला शिरकाव न देणाऱ्या या गादीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा तापमान कित्येक अंशांनी अधिक असते आणि अशी एक गादी शंभर वर्षांहूनही अधिक जगते. या सगळ्यांचे शहाणपण एकच आहे, जमिनीला बिलगून राहणे. वर वारा आहे, खाली ऊब आहे. त्यांना खुरटी म्हणणे ही पुस्तकाची सवय झाली. त्या जागी तीच योग्य उंची होती.

यांच्या सोबतीला दगडफूल. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात असते. टुंड्रातील दगडफूल त्याच वर्गातले, बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेले. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून जे खातात ते मुख्यतः हेच. त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर. एकदा तुडवले गेले की पूर्ववत होण्यास दशके लागतात.

या प्रदेशाला आता ऊब मिळू लागली आहे. १९७९ नंतरच्या चार दशकांत उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. समुद्रावरचे बर्फ कमी झाले की पांढऱ्या पृष्ठाऐवजी काळे पाणी उघडे पडते आणि ते सूर्याची उष्णता परत न फेकता शोषून घेते, हे त्याचे एक मोठे कारण.

ऊब मिळाल्यावर वनस्पतींचे काय झाले, याचा एक सुंदर पुरावा अलास्कात सापडला. १९४८ ते १९५० या काळात अमेरिकी नौदलाने तेलाच्या शोधासाठी उत्तर अलास्काची विमानातून छायाचित्रे घेतली होती. पन्नास वर्षांनी, १९९९ आणि २००० साली, मॅथ्यू स्टर्म आणि त्यांचे सहकारी त्याच जागांवर त्याच कोनातून पुन्हा छायाचित्रे घेण्यासाठी गेले. जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवले, तेव्हा अर्ध्याहून अधिक जागी झुडपे वाढलेली दिसली. वाळुंज, भूर्ज आणि आल्डर यांची. जुन्या चित्रात जेथे एकेकटे झुडूप होते तेथे झुंड झाली होती. जेथे काहीच नव्हते तेथे नवी झुडपे उभी होती. छायाचित्रे घेणाऱ्या वैमानिकांना झुडपांशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना तेल हवे होते. पण जपून ठेवलेली वस्तू कोणाच्या कशा उपयोगी पडेल, हे ठेवणाऱ्याला कधीच माहीत नसते.

छायाचित्र काय झाले ते सांगते, का झाले ते सांगत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. १९९० साली निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन ‘आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोग’ सुरू केला. त्याचे साधन इतके साधे आहे की शाळेच्या परसबागेतही करता यावे. पारदर्शक फायबरग्लासची, आत झुकलेल्या भिंतींची, सहा बाजूंची आणि बिनछपराची एक चौकट जमिनीवर ठेवायची. वीज नको, यंत्र नको. वारा अडतो, ऊन कोंडते आणि आतले तापमान बाहेरच्यापेक्षा एक ते तीन अंशांनी वाढते. शेजारी तेवढाच तुकडा उघडा ठेवायचा, आणि दर वर्षी दोन्हींकडची पाने, फुले, उंची मोजत राहायचे. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, स्वालबार्ड, स्वीडन अशा अनेक ठिकाणी ही मोजणी दशकानुदशके चालू राहिली. जगाच्या विज्ञानात अशी चिकाटी दुर्मीळ असते. तीन वर्षांचे अनुदान संपले की प्रयोगही संपतो, हाच सर्वसाधारण अनुभव.

काय दिसले? चौकटीच्या आत झुडपे आणि गवते उंच झाली. पाने वाढली, खाली पडणारा पालाही वाढला. उघडी माती झाकली गेली. आणि त्याच वेळी शेवाळ व दगडफूल कमी झाले. दोन बोटांच्या वनस्पतीवर वीतभर उंचीच्या वनस्पतीची सावली पडू लागली आणि वरून पाल्याचा थर साचू लागला. थंडीने जिला हजारो वर्षे मारले नाही, ती शेजाऱ्याच्या वाढीखाली दबली. २०१८ मध्ये शंभराहून अधिक ठिकाणची तीन दशकांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा चौकटीबाहेरच्या मोकळ्या टुंड्रातही वनस्पतींची उंची वाढत असल्याचे आढळले. अनेक ठिकाणी तेथल्या जुन्या वनस्पती उंच झाल्या एवढेच घडले नव्हते, तर दक्षिणेकडच्या उंच जाती तेथे येऊन राहिल्या होत्या. दक्षिणेच्या जातींना उत्तरेकडे सरकायला जागा आहे. अगदी उत्तरेच्या जातींना नाही. त्यांच्यापुढे समुद्र आहे.

सर्वत्र मात्र एकच चित्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेथे ओलावा पुरेसा तेथे झुडपे झपाट्याने वाढतात, कोरड्या जागी वाढत नाहीत. काही ठिकाणी तर हिरवे होते ते तपकिरी झाले. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कॅन्डिनेव्हियात ऐन हिवाळ्यात काही दिवस अवेळी ऊब आली. बर्फाचे पांघरूण वितळले, झुडपांना वसंत आल्याचा भास झाला, आणि मग थंडी परतली. पांघरुणाविना उघडी पडलेली झुडपे हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रात करपली. विदर्भात आणि छत्तीसगढात ज्यांनी फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसाने आंब्याचा मोहर झडताना पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बर्फ वनस्पतीला मारते असे आपण उष्ण प्रदेशातले लोक समजतो. तेथे ते गोधडीचे काम करते.

बर्फाचे आणखी एक काम आहे. उंच झुडपे वाऱ्याने उडणारा हिम अडवून धरतात. झुडपांच्या पायाशी बर्फाचा थर जाड होतो, आणि या जाड थराखालची माती हिवाळ्यात तुलनेने उबदार राहते. उबदार मातीत सूक्ष्मजीव काम करीत राहतात आणि मघाशी उल्लेखलेले नत्राच्या कोठाराचे कुलूप सैल होते. मोकळ्या झालेल्या नत्राचा लाभ झुडपांनाच मिळतो. म्हणजे झुडूप वाढले की पुढच्या वाढीची सोय तेच करून ठेवते. शिवाय बर्फाच्या वर निघालेल्या काळपट फांद्या वसंतात ऊन शोषतात आणि बर्फ लवकर वितळू लागते. याला एक उलटी बाजूही आहे. उन्हाळ्यात हीच झुडपे जमिनीवर सावली धरतात आणि खालची गोठलेली माती काही प्रमाणात थंड राखतात. या दोहोंत कोणाचे पारडे जड, हे जागेनुसार बदलते.

येथवर ऐकल्यावर एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तो नववी-दहावीच्या मुलांनी विचारावाच. झाडे वाढली तर बिघडले कोठे? झाडे कार्बन डायऑक्साइड शोषतात. आपण वृक्षारोपणाचे कार्यक्रम करतो, ‘झाडे लावा’ च्या पाट्या रंगवतो. टुंड्रा फुकट हिरवा होत असेल तर आनंदच मानावा!

या प्रश्नाचे उत्तर अलास्कातील टूलिक सरोवराजवळच्या एका प्रयोगाने दिले. तेथे १९८१ पासून टुंड्राच्या काही तुकड्यांना दर वर्षी नत्र आणि स्फुरद यांचे खत घालण्यात आले. हेतू असा, की ऊब वाढल्यावर मातीतले कुलूप उघडले तर काय होईल ते आधीच पाहावे. वनस्पतींची वाढ दुपटीने झाली. पूर्वी जेथे कापूसगवताचे झुबके होते तेथे खुज्या भूर्जाने राज्य केले. वीस वर्षांनंतर, २००४ मध्ये, संशोधकांनी वरचा पाला आणि खालची माती या दोहोंतील कार्बनची मोजदाद प्रसिद्ध केली. वर कार्बन वाढला होता, पण खोल मातीतला त्याहून कितीतरी अधिक निघून गेला होता. जमाखर्च मांडला तेव्हा दर चौरस मीटरमागे जवळजवळ दोन किलो कार्बनची तूट निघाली. खताची मात्रा नैसर्गिक वाढीपेक्षा बरीच मोठी होती, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा साऱ्या टुंड्राला लावता येणार नाही. दिशा मात्र स्पष्ट होते. डोळ्यांना दिसणारी हिरवळ आणि मातीचा ताळेबंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टुंड्राच्या बाबतीत ताळेबंद जमिनीखाली लिहिलेला असतो. उत्तरेच्या गोठलेल्या मातीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या रूपाने जो कार्बन साठला आहे, तो आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे. तेवढ्या साठ्यापुढे काही झुडपांनी शोषलेला कार्बन किती, याचा अंदाज दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या कोणालाही करता येईल.

मग झुडपांना आवर घालणारे कोणीच नाही काय? आहे. ग्रीनलंडच्या पश्चिम भागात, कांगेरलुसुआकजवळ, एरिक पोस्ट यांनी चौकटींच्या प्रयोगात एक भर घातली. काही तुकड्यांना कुंपण घालून कॅरिबू आणि मस्क ऑक्स या चरणाऱ्या प्राण्यांना बाहेर ठेवले. ऊब दोन्हींकडे सारखीच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे चराई बंद होती तेथे भूर्ज आणि वाळुंज ऊब मिळताच फोफावले. जेथे प्राणी चरत होते तेथे ही वाढ बरीच आटोक्यात राहिली. एका तोंडाने खाणारा प्राणी दुसऱ्या दहा वनस्पतींना ऊन मिळवून देतो.

हे वाचताना मराठी माणसाला साताऱ्याजवळच्या कास पठाराची आठवण होते. कास हे टुंड्रा नव्हे. तेथे बर्फ नाही, गोठलेली माती नाही. पण जांभ्या खडकावरचा मातीचा पातळ थर, त्यात पावसाळ्याचे चार महिने जगून घेणाऱ्या बोटभर उंचीच्या वनस्पती, आणि मोठ्या झाडाला थारा न देणारी जमीन, ही अवस्था तीच आहे. सीतेची आसवे, गेंद, तेरडा, सोनकी यांचे गालिचे पाहण्यासाठी भाद्रपद-आश्विनात लोक लांबून येतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यात कासही आहे. पर्यटकांच्या पायांपासून फुले वाचावीत म्हणून तेथे तारेचे कुंपण घालण्यात आले. हेतू चांगलाच होता. पण कुंपणाने पर्यटकांबरोबर गुरेही अडली. गुरांची चराई थांबली तसे उंच गवत माजले आणि त्याखाली लहान फुले दडपली जात आहेत, अशी तक्रार ग्रामस्थांकडून आणि अभ्यासकांकडून पुढे आली व कुंपण ठेवावे की काढावे यावर बरीच चर्चा झाली. ग्रीनलंडच्या कॅरिबूने आणि साताऱ्याच्या गाईने एकच साक्ष द्यावी, हा योगायोग नाही. ज्यांचे सामर्थ्य थोडक्यात जगण्याचे आहे, त्यांच्यावर दया दाखवून जागा सुपीक केली, गुरे हटवली, ऊब दिली, की लाभ होतो तो दुसऱ्याचा.

कासच्या पठाराला कोकणात नेले असते तर लोकांनी सडा म्हटले असते. जांभ्याच्या उघड्या पठाराला कोकणात आणि गोव्यात हाच शब्द आहे. गोव्यात वास्को शहराजवळ समुद्राकाठच्या अशाच एका टेकडीचे नाव हेडलँड सडा. तेथे १९९८ साली स्थापन झालेली, आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची तयारी तेथूनच होते, आणि उत्तर ध्रुवप्रदेशातील ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्राचा कारभारही तेथूनच चालतो. २००७ मध्ये भारताची पहिली आर्क्टिक मोहीम गेली आणि १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलेसुन्द या वस्तीत हिमाद्रीचे उद्घाटन झाले. जवळजवळ ७९ अंश उत्तर अक्षांश. चार महिने सूर्य मावळत नाही, जवळपास तितकेच दिवस तो उगवत नाही.

सहा महिन्यांचा दिवस आणि अनेक दिवस लांबलेली उषा यांची चर्चा मराठी घरात यापूर्वीही झालेली आहे. लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्त पुढच्या संशोधकांनी मान्य केला नाही. तरीही पुण्यात बसून ध्रुवावरच्या पहाटेचा एवढा विचार करणारा मनुष्य महाराष्ट्रात होऊन गेला, ही गोष्ट मुलांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नी-ऑलेसुन्दची मूळ कहाणी भिलाईकरांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. ती संशोधकांची वस्ती नव्हती. ती कोळशाच्या खाणीची वस्ती होती. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखी पडले, त्यानंतर खाण बंद झाली आणि कामगारांच्या घरांतून पुढे शास्त्रज्ञ राहू लागले. ज्या बेटावर आज एकही उंच वृक्ष उगवत नाही, तेथे कोळसा कोठून आला? सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तेथे उबदार हवामान होते आणि उंच अरण्ये होती. तीच गाडली जाऊन कोळसा झाली. हवामान पूर्वीही बदलले आहे, मग आताच एवढी चिंता का, असे म्हणणारे याच कोळशाकडे बोट दाखवतात. फरक वेगाचा आहे. ते बदल ज्या मंद गतीने झाले, तिच्यापुढे आजचा काळ म्हणजे एका मुख्याध्यापकाची नोकरी.

कोळशाचा विषय निघाला की भिलाईत थोडे सांभाळून बोलावे लागते, आणि तरीही बोलावे लागते. या सभागृहातील बहुतेकांचे घर भट्टीच्या उजेडात उभे राहिले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, कोक ओव्हनचा कोक, झोतभट्टी, रेल मिल ही नावे येथल्या मुलांना बाराखडीबरोबर कळतात. लोहखनिज म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातला ऑक्सिजन काढून घेण्यासाठी झोतभट्टीत कार्बन लागतो, आणि तो ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. म्हणजे हा वायू केवळ इंधनाचा धूर नाही, ती लोखंड वेगळे करण्याच्या रासायनिक क्रियेचीच निष्पत्ती आहे. भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. भिलाईत तयार झालेल्या रुळांवरून देशभर आगगाड्या धावतात, धरणे व पूल या पोलादावर उभे आहेत. या शाळेची फी त्याच पगारातून भरली गेली. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण येथल्या चिमणीतून निघालेला वायू येथेच राहत नाही, तो साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो, आणि स्वालबार्डच्या वाळुंजावर पडणाऱ्या सावलीत भिलाईचाही एक अंश आहे, हे माहीत नसल्याचा बहाणा शाळेला तरी करता येत नाही. कोकऐवजी हायड्रोजनने ऑक्सिजन काढून घेण्याचे प्रयत्न जगात सुरू आहेत. तेथे कार्बन डायऑक्साइडऐवजी वाफ निघते. ते महाग आहे आणि अवघड आहे. या शाळेतून धातुशास्त्राकडे गेलेले विद्यार्थी आज सभागृहात बसले आहेत. याविषयी अधिकाराने बोलण्याचा हक्क त्यांचा आहे आणि संध्याकाळच्या सत्रात मुलांनी त्यांना सोडू नये.

अलास्कातील छायाचित्रांची पद्धत शाळेने उचलायचे ठरवले आहे. माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनाची, क्रीडादिनाची, दहावीच्या निरोप समारंभाची जुनी छायाचित्रे कपाटांतून शोधून पाठवावीत. त्यांत मुले तर दिसतातच, पण मागे पटांगण असते, झाडे असतात, कुंपणापलीकडचा माळ असतो. मूळ प्रत घरीच राहू द्यावी, प्रतिमा पुरेशी आहे. मात्र मागच्या बाजूला वर्ष, आणि आठवत असेल तर महिना, अवश्य लिहावा. पळस फुललेला दिसतो आहे पण साल कळत नाही, असे चित्र कामाला येत नाही. छायाचित्र घेणारा जेथे उभा होता ती जागा नववीची मुले शोधून काढतील, तेथे चुन्याने खूण करतील आणि दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून नवे छायाचित्र घेतील. पहिली जागा ठरली आहे : ध्वजस्तंभाच्या पायरीवरून पूर्वेच्या भिंतीकडे. एका जुन्या वर्गचित्रात तेथला कडुनिंब बाईंच्या खांद्याएवढा दिसतो.